डोईफोडे सरांचं ‘करण्यात येत आहे’

डोईफोडे सर गेल्याची बातमी मला मोबाइलवर दोनदा आली, तीन मिनिटांच्या अंतराने. पहिली पक्षाच्या ग्रुपवर, दुसरी दलाच्या ग्रुपवर. दोन्हीकडे सरांचा तोच फोटो, शाळेच्या निरोप समारंभातला, गळ्यात हार आणि चेहऱ्यावर कंटाळा. दोन्हीकडे तोच मजकूर, आणि ‘श्रद्धांजली’ या शब्दात तीच चूक. एकाने दुसऱ्याचं उचललं होतं हे उघड होतं. कोणी कोणाचं, ते मात्र कळायला मार्ग नव्हता. आमच्या गावातल्या युतीचं याहून नेमकं वर्णन मला करता येणार नाही. मी सवयीने सरांचा नंबर काढला, चूक दाखवायला... आणि रिंग जायच्या आधी लक्षात आलं. मग फोन तसाच हातात धरून बराच वेळ दुकानात बसून राहिलो. एक बाई सातबाऱ्याची झेरॉक्स मागत होत्या. त्यांना मी कोऱ्या कागदाची झेरॉक्स काढून दिली, आणि त्याही घेऊन गेल्या.

या गोष्टीला आता महिना होऊन गेला. माझं तहसील कचेरीसमोर टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, जाहीर आभार, जे येईल ते. गावाचं नाव लिहीत नाही. शेगावहून निघालेली एसटी जिथे दहा मिनिटं उगाच थांबते ते आमचं गाव, एवढं आमच्या जिल्ह्यातल्या वाचकांना पुरे. सर माझे सातवीपासूनचे मराठीचे मास्तर. ‘डोईफोडे’ आडनाव लावणारा इतका सौम्य माणूस आमच्या तालुक्यात दुसरा झाला नसेल. इतकी वर्षं शिकवलं, पण कोणावर पट्टी उगारली नाही. एखाद्याचं वाक्य अर्धवट राहिलं तर म्हणायचे, “बाळा, तुझ्या वाक्याला थंडी वाजतेय, त्याला क्रियापद घाल.” व्याकरण त्यांना पोटतिडकीने शिकवायचं असे. कर्ता कसा ओळखायचा? क्रियापदाला ‘कोण?’ असं विचारा, कर्ता वर्गातल्या शहाण्या मुलासारखा हात वर करील. आम्ही आरडाओरडा करून विचारायचो. “खातो! कोण खातो? राम!” शेजारच्या गणिताच्या वर्गातून तक्रारी यायच्या.

निवृत्त झाल्यावर सरांना पक्षात आणलं भाऊसाहेबांनी. भाऊसाहेब म्हणजे पक्षाचे तालुकाध्यक्ष, मोठे शेतकरी, मनाने मोकळे, हाताने सढळ. दोष एकच. ते वाक्य सुरू करायचे आणि ते दुसऱ्या कुणीतरी संपवावं अशी वाट पाहत बसायचे. एका सभेच्या भाषणासाठी ते सरांकडे आले आणि सरांना आयुष्यभर पुरेल एवढं काम मिळालं. “पण पक्षाचा विचार काय आहे?” असं सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. भाऊसाहेब म्हणाले, “विचार तुम्ही करा ना सर. त्याच्यासाठीच तर मी...” पुढचं वाक्य नेहमीप्रमाणे हवेत. तेव्हापासून सर पक्षाचे कार्यालय चिटणीस. भाषणं, पत्रकं, निवेदनं, शोकसंदेश, सगळं सर लिहायचे, मी टाइप करायचो, आणि भाऊसाहेब न वाचता सही करायचे. न वाचता सही करणं हा सरांवरचा विश्वास आहे असं ते सांगत. खरं म्हणजे चष्मा त्यांना आवडत नसे.

त्या भाषणांमध्ये दहा वर्षं एक वाक्य कायम होतं : “दल हा समाजाच्या अस्तनीतला निखारा आहे.” दलाचं पूर्ण नाव सहा शब्दांचं होतं, त्यातले तीन शस्त्रांचे, गाव नुसतं ‘दल’ म्हणायचं. मिरवणुकीत तलवारी नाचवायच्या, भिंतींवर धमक्या लिहायच्या, कुणी कुणाच्या दुकानात जावं आणि जाऊ नये याच्या याद्या फिरवायच्या. एका बंदच्या दिवशी त्यांनी बेकरीच्या काचा फोडल्या होत्या, आणि बेकरीवाला पुढे दुकान विकून गावच सोडून गेला. दलाचा प्रमुख शांताराम. नाव असं, आणि काम तसं. त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची जळालेली मोटार त्याच्यासारखी भरून देणारा आसपास कोणी नव्हता, हेही सांगायला हवं. तोही सरांचाच विद्यार्थी, मराठीत दोनदा नापास. सर म्हणायचे, नावांची वाटणी करताना देवाने आमच्या दोघांच्या चिठ्ठ्या बदलल्या.

मग नगर परिषदेची निवडणूक झाली. पक्षाचे नऊ नगरसेवक आले आणि बहुमताला तीन कमी पडले. दलाचे तीनच आले, त्यांत एक शांताराम. निकालाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊसाहेबांनी आम्हाला घरी बोलावलं. ओसरीवर गेलो तर सोफ्यावर शांताराम बसलेला, हातात चिवड्याची बशी. सर उंबऱ्यातच थबकले.

“सर, तुमचं ते निखारा म्हंजे...” भाऊसाहेब म्हणाले आणि सवयीने वाक्य सोडून दिलं. सरांनी पहिल्यांदाच ते पुरं केलं नाही. शेवटी भाऊसाहेबांनाच करावं लागलं. “...थंडीत कामाचा असते.”

“आता उन्हाळा आहे,” सर म्हणाले. पण ते आत येऊन बसले. मला नंतर पुष्कळदा वाटलं, सगळी गोष्ट त्या आत येऊन बसण्यात आहे. त्या दुपारी सर मागे वळले असते तर मला आज हे लिहायला काही उरलं नसतं.

शांतारामने खिशातून वहीचा कागद काढला. अकरा मागण्या, आणि सगळ्या अगदी स्पष्ट. चौथी होती : ‘बुधवारच्या बाजारातून त्यांले हाकला’. सहावी : ‘जो आडवा येईन त्याचे हातपाय तोडू’. भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. अशा कागदावर सही केली तर वर्तमानपत्रवाले जगू देणार नाहीत, आणि नाही केली तर तीन नगरसेवक दुसरीकडे जातील. सगळे सरांकडे बघायला लागले. सरांनी खिशातलं पेन काढलं. मला तो क्षण आठवतो, कारण त्यांच्या चेहऱ्यावर मी तेच पाहिलं जे वर्गात एखादं अवघड वाक्य फळ्यावर लिहिल्यावर दिसायचं... आनंद. चौथी मागणी झाली : ‘आठवडी बाजाराचे परंपरेस अनुसरून पुनर्नियोजन करण्यात येईल.’ सहावी झाली : ‘सहकार्य न करणाऱ्यांचे प्रबोधन करण्यात येईल.’

शांतारामने कागद उलटसुलट करून पाहिला. “सर, हे आमचंच हाय काय?”

“तुमचंच आहे.”

“मंग मले समजून काऊन नाही राह्यलं?”

“समजू नये म्हणूनच तर लिहिलंय,” सर म्हणाले, आणि भाऊसाहेब इतके हसले की चिवडा नाकात गेला. मीही हसलो. शांताराम हसला नाही. “म्हंजे करायचं तेच, पन बोलायचं नाही,” तो विचार करत म्हणाला. “आमी तर उलटं करत व्हतो. बोलत जास्त, करत कमी.” त्या ओसरीवर त्या दिवशी सगळ्यात जास्त शिकला तो शांतारामच.

युती कशी होते याबद्दल लोक बरंच काही सांगतात, पैशांचं, धाकाचं, जातीचं. असेल तेही. मी पाहिली ती अशी झाली. पक्षाला माणसं हवी होती आणि दलाला अब्रू. दोघांच्या मध्ये एक असा माणूस लागत होता की ज्याच्या हाताखालून गेल्यावर आपण जे करतोय ते आपण करतोय असं कुणालाच वाटणार नाही. आमच्या गावात तो माणूस सर होते. त्यांचं स्वतःचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते प्रामाणिकपणे तसं मानत. दुकानात मी एकदा भीतभीत विषय काढला तेव्हा ते म्हणाले, “दिगंबर, शब्द बदलला की हळूहळू माणूसही बदलतो. आज ते ‘प्रबोधन’ म्हणायला शिकलेत, उद्या करायलाही शिकतील.”

शिकले. महिन्याभरात ‘प्रबोधन’ हा शब्द गावभर झाला. पानटपरीवर पोरं एकमेकांना म्हणायला लागली, “जास्त बोलू नको बे, प्रबोधन करीन.” दलाची चार पोरं मोटारसायकलवर निघाली की लोक विचारायचे, “कोनाचं हाय आज?” एक ऑटोवाला हाताला प्लास्टर घालून माझ्याकडे विम्याचा अर्ज टाइप करायला आला. कारणाच्या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं तर म्हणाला, “प्रबोधन.” मी हे सरांना गंमत म्हणून सांगितलं. ते हसायला गेले आणि त्यांचं हसू मध्येच कुठेतरी अडकलं.

मग बाजाराची नोटीस निघाली. तीही सरांनीच सांगितली आणि मीच टाइप केली. ‘परंपरेस अनुसरून करावयाच्या पुनर्नियोजनाच्या अनुषंगाने काही विक्रेत्यांच्या जागा लोकहितास्तव स्थलांतरित करण्यात येत आहेत.’ एका वाक्यात इतके मऊ शब्द की बोट टेकवलं तर आत रुतावं. ते ‘काही विक्रेते’ म्हणजे बाजारातले सगळे मुसलमान विक्रेते, आणि नवी जागा म्हणजे गावाबाहेरचा नाल्याचा काठ, जिथे मेलेली जनावरं टाकतात.

हमिदा त्यांतली एक. मारुतीच्या पाराला लागून तिचं बांगड्यांचं दुकान, म्हणजे एक बाज, तिच्यावर पेट्या, वर ताडपत्री. तिच्या सासूचं होतं, सासूच्या आधी सासूच्या सासूचं. देवळात येणाऱ्या बायका आधी मारुतीला हात जोडायच्या आणि मग हमिदापुढे हात करायच्या. तालुक्यातल्या कितीतरी नवऱ्या तिच्या हातचा चुडा भरून सासरी गेल्या. तीही आमच्याच शाळेतली, सरांची विद्यार्थिनी, माझ्या दोन वर्षं मागे. सातवीनंतर लग्न झालं. जीभ अशी की भाऊसाहेबांसारखा माणूसही पाराजवळून जाताना फोन कानाला लावायचा.

सोमवारी सकाळी ती नोटिशीचा कागद घेऊन माझ्या दुकानात आली. सर बसलेलेच होते. तिने नमस्कार केला, कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, “सर, हे वाक्य समजावून सांगा.”

सर म्हणाले, “हमिदा, ते प्रशासकीय भाषेत...”

“तुमीच शिकवलं व्हतं ना, क्रियापदाले ‘कोण’ इचारायचं, कर्ता हात वर करते. मी कालपासून इचारून राह्यली. स्थलांतरित करण्यात येत आहेत. कोण करून राह्यलं? स्थलांतरित करण्यात येत आहेत. कोण?” तिने खरोखर वर्गातल्यासारखा मोठ्याने प्रश्न विचारला. बाहेर रांगेतले लोक वळून बघायला लागले. “एकानं बी हात वर नाही केला, सर. माझी बाज तर उचलून राह्यले, पन उचलनारं कोनीच नाही. भूत उचलते काय?”

सरांनी कागद आपल्याकडे ओढला आणि परत वाचला.

“आनि परंपरा कोनती? माझ्या सासूची सासू तिथं बसत व्हती, तवा हे शांतारामचं दल कुठं व्हतं?” मग तिचा आवाज खाली आला. “मराठी लय गोड हाय तुमचं. मले लहानपनापासून आवडते. पन नाल्यावर कोनती बाई बांगड्या भरायले येईन, सर?” ती कागद तिथेच ठेवून गेली.

सर उठले, चपला पायात घालायच्या विसरले आणि तसेच अनवाणी घरी गेले. चपला मी संध्याकाळी नेऊन दिल्या. सुशीलाकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, दारातच म्हणाल्या, “काय केलं बाबा तुम्ही त्याइले? जेवले नाही. फळ्यावर लिहिल्यावानी हवेत बोट फिरवून राह्यले.”

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत सर दारात उभे होते. बुधवारी बाजार, पण त्याआधी त्याच दिवशी, मंगळवारी दुपारी, नगर परिषदेची सर्वसाधारण सभा होती. विरोधकांनी नोटिशीवर प्रश्न टाकला होता आणि त्यावर गटनेते म्हणून भाऊसाहेबांनी पक्षाची भूमिका वाचायची होती. “लिही,” सर म्हणाले, आणि एका दमात सांगायला लागले. मी चार ओळी टाइप केल्या आणि माझे हात थांबले. “सर, माझं दुकान आहे... बायको-पोरं आहेत...”

“तू फक्त टाइप कर. टाइप करणारा कर्ता नसतो,” ते म्हणाले. मी ते लगेच मान्य केलं. माणसाला सोयीचं व्याकरण फार लवकर समजतं.

भाऊसाहेबांनी सही केली. अर्थात न वाचता.

झेरॉक्सचे गठ्ठे पोचवायच्या निमित्ताने मी सभागृहात मागे उभा होतो. सर शेवटच्या बाकावर, मांडीवर हात ठेवून, परीक्षेच्या हॉलमधल्या पर्यवेक्षकासारखे. भाऊसाहेब उठले, कागद हातभर लांब धरला आणि वाचायला लागले. ज्यांनी त्यांना वाचताना ऐकलंय त्यांना माहीत आहे, ते एकेक शब्द असा वाचतात जणू तो त्यांना रस्त्यात पहिल्यांदाच भेटलाय. “आम्ही... नगर परिषदेतील... सत्ताधारी पक्षाचे... नऊ नगरसेवक... म्हणजे मी भाऊसाहेब...” आणि मग पुढे आठ नावं, आईवडिलांनी ठेवलेली, पूर्ण. आपलं नाव माइकवरून आलं की कोणाला बरं वाटत नाही? ज्याचं नाव येई तो जरा ताठ बसे, त्यांतल्या नलूताईंनी तर पदर सावरला. “...दलाच्या तीन मतांसाठी... हमिदाबी व बाजारातील इतर विक्रेत्यांना... त्यांनी कोणताही गुन्हा केलेला नसताना... केवळ ते मुसलमान आहेत म्हणून...”

आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं हे किती बरं आहे. इथपर्यंत सगळे माना डोलावत होते. भाऊसाहेबही डोलावत होते. “...मारुतीच्या पारापासून उठवून... मेलेली जनावरे टाकतात त्या नाल्यावर... हाकलून देत आहोत.” पूर्णविराम आला आणि भाऊसाहेब तिथेच थांबले. त्यांनी कागद जवळ आणला, मग लांब नेला. मग आयुष्यात पहिल्यांदा खिशातून चष्मा काढून लावला, आणि तेच वाक्य पुन्हा, मनातल्या मनात, ओठ हलवत वाचलं.

टाळ्या वाजल्या त्या एकट्याच्या. शांताराम उभा राहिला होता, डोळे चमकत होते. “वा सर!” तो मागे वळून ओरडला. “हे कसं झालं! हेच तर मी पहिल्या दिवसापासून म्हनून राह्यलो व्हतो, साधं सरळ लिहा! आता आमाले समजलं!” त्याने भाऊसाहेबांचा हात हातात घेऊन जोरात हलवला.

विरोधकांनी काय म्हटलं असतं ते पक्षाने झेललं असतं. शांतारामचं कौतुक झेलवेना. नलूताई उठून म्हणाल्या, “माझं नाव काढा त्याच्यातून.” त्यांच्या मुलीचा चुडा हमिदानेच भरला होता. मग आणखी एक जण म्हणाला, माझंही काढा. तिसऱ्याने विचारलं, नाव काढलं तर नोटीस खोटी ठरते का? मुख्याधिकारी म्हणाले, ते माझ्या अखत्यारीत येत नाही. एकाने सुचवलं, ‘हाकलून देत आहोत’च्या जागी ‘हाकलण्यात येत आहे’ करू, म्हणजे आपण सुटू. त्यावर सगळे परत मागच्या बाकाकडे पाहायला लागले, सरांनी दुरुस्ती करून द्यावी म्हणून... सवय! सर म्हणाले, “मूळ वाक्य बरोबर आहे,” आणि बसून राहिले. शेवटी विषय तहकूब झाला. नोटीस ‘तूर्तास’ मागे घेतली गेली. जिल्ह्याच्या पेपरात भाऊसाहेबांचं निवेदन शब्दशः छापून आलं, आणि त्या आठवड्यात निदान चार नगरसेवकांच्या घरी बायकांनी नवऱ्यांना पिठलं-भाकरीवर ठेवलं, असं सुशीलाकाकू सांगत.

सत्याचा विजय वगैरे काही झाला नाही. युती पाच वर्षं टिकली. निखाऱ्याची सगळ्यांना सवय झाली. हमिदा दुसऱ्याच दिवशी पारावर परत येऊन बसली, पण तिच्यासोबतचे कितीतरी जण आले नाहीत. फळवाला जळगाव जामोदच्या बाजारात बसायला लागला, मसाल्यांचा एक जण बीबी गावाला गेला आणि तिथलाच झाला. एकदा उठवलेला माणूस परत त्याच जागी नीट बसत नाही.

सरांवर पक्षाला कारवाई करणं भाग होतं. पण कारवाईचं पत्र लिहिणार कोण? दोन-तीन जणांनी प्रयत्न केला, त्यांची वाक्यं थंडीने कुडकुडत होती. शेवटी आठवड्याने भाऊसाहेब स्वतः दुकानात आले आणि सरांपुढे मान खाली घालून म्हणाले, “सर, तुमाले पक्षातून काढायचं पत्र... तेवढं तुमीच...”

“सांगतो की,” सर म्हणाले. “दिगंबर, लिही. ‘मी, भाऊसाहेब, डोईफोडे सरांना पक्षातून काढतो.’”

“तसं नको ना सर. ते आपलं नेहमीचं... ‘निष्कासित करण्यात येत आहे’...”

“ते मी आता लिहीत नाही.”

मी प्रिंट काढली. भाऊसाहेबांनी सहीसाठी पेन उघडलं, पहिला शब्द वाचला, ‘मी’, आणि पेन बंद केलं. दोनदा उघडलं, दोनदा बंद केलं. मग कागदाची घडी खिशात घालून चहा न घेताच गेले. ती सही कधीच झाली नाही. त्यामुळे सर शेवटपर्यंत पक्षाचे कार्यालय चिटणीस होते, आणि त्यांच्या निधनाच्या फलकावरही तसंच छापलेलं आहे.

सभेच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सर मला घेऊन बाजारात गेले होते. हमिदा एका बाईच्या हातात बांगड्या चढवत होती. सर समोर उभे राहिले. मला वाटलं ती आभार मानील. सरांनाही वाटलं असावं. त्यांनी घसा साफ केला. “हमिदा... माझ्याकडून चूक झाली.”

तिने वर न बघता त्या बाईचा अंगठा आत दाबला आणि बांगडी अलगद सरकवली. “‘झाली’ का ‘केली’, सर?”

सरांचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर कधी तसा पाहिला नाही. वर्गात उत्तर न आलेल्या मुलाचा असतो तसा. “केली,” ते म्हणाले. “मी केली.”

“हां,” हमिदा म्हणाली. “आता उभे राहू नका, गिऱ्हाईक अडते. बसा इकडं.” तिने बाजेवरची एक पेटी बाजूला केली. सर बसले. मी उभाच होतो. मला तिने काही विचारलं नाही, आणि ते न विचारणं मला अजून टोचतं. कारण नोटीस मीही केली होती, ‘काही विक्रेते’ हे शब्द माझ्या बोटांतून गेले होते, आणि टाइप करणारा कर्ता नसतो हे सरांनी मला घाईत सांगितलेलं एकमेव चुकीचं व्याकरण होतं.

त्यानंतर दर बुधवारी ते तासभर तिथे बसायचे. गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचे, बांगड्यांच्या पेट्यांवरची नावं सुवाच्य अक्षरात लिहून द्यायचे. शांताराम तिथून जाताना हात जोडायचा. “सर, लिहायले या ना परत. तुमच्यासारखं सरळ कोनी लिहीत नाही.” सर म्हणायचे, “तू आधी मोटारी भर.” आपण त्याला बोलायचं सोडून करायला शिकवलं, हे त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. मला एकदा म्हणाले, “तो नापास होत होता तेच बरं होतं रे...” आणि पुढचं वाक्य त्यांनी तसंच सोडून दिलं.

तेरवी झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी भाऊसाहेब आणि शांताराम दोघं माझ्या दुकानात आले. परत निवडणूक येऊन राहिली आहे. पुन्हा करार करायचाय. शांतारामने वहीचा कागद काढला. भाऊसाहेब म्हणाले, “दिगंबर, तू इतकी वर्षं सरांचं टाइप केलं. तुले त्याइची भाषा येते. जरा तसं...” आणि थकल्यासारखे कीबोर्डशेजारच्या लोखंडी खुर्चीकडे वळले. सर मजकूर सांगताना तिच्यावर बसायचे, जरा पुढे झुकून, एक बोट माझ्या टेबलाच्या कडेवर आपटत. कडेचा रंग तिथे गेलाय.

“ती नका घेऊ,” मी म्हणालो. “पाय मोडलाय तिचा.”

दोघं उभेच राहिले. मी म्हणालो, “मला सरांसारखं जमत नाही. तुम्ही जसं बोलाल तसं टाइप करतो.” शांताराम खुशीत बोलायला लागला. भाऊसाहेबांनी पहिल्याच वाक्याला त्याच्या तोंडासमोर हात धरला. मग भाऊसाहेब बोलायला गेले आणि त्यांना कर्त्यापुढे सरकता येईना. असं पंधरा मिनिटं चाललं. नंतर ते बसस्टँडजवळच्या दुकानात गेले. तिथे काम झालं म्हणतात. झालंच असेल.

खुर्चीचा पाय धड आहे. तरी त्या दिवसापासून मी सगळ्यांना तेच सांगतो, आणि लोक उभ्याने अर्ज सांगतात. परवा हमिदा आली. बाजाराचा परवाना नवा करायचा होता. तिने पिशवी खाली ठेवली, कपाळाचा घाम पुसला आणि खुर्ची ओढून सरळ बसली. पायाचं मी तिला काही सांगितलं नाही.

मग म्हणाली, “लिही.”